काड्यापेटीतला डाव: थॅच, झीरो आणि आमच्या स्क्वॉडची एक रात्र

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे ‘अं’ आणि मध्येच झालेला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढलाय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.)

आजच्या एपिसोडमध्ये लढाऊ विमानं आहेत, पण सुरुवात आगकाड्यांपासून करायची आहे.

साल १९४१. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नाही, पर्ल हार्बर व्हायचंय. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ कोरोनाडो नावाचं गाव आहे. तिथे नौदलाचा एक अधिकारी रोज रात्री घरी जेवणाच्या टेबलावर काड्या मांडून बसायचा. नाव जॉन थॅच, सगळे जिमी म्हणायचे. फायटिंग स्क्वॉड्रन ३ चा प्रमुख. त्याच्या हातात चीनमधल्या लढाईवरून आलेला एक गुप्तवार्ता अहवाल पडला होता. जपान्यांकडे एक नवीन फायटर आहे, ते आपल्या विमानापेक्षा वेगाने पळतं, भराभर वर चढतं आणि एवढ्याशा घेरात वळतं, असं त्यात लिहिलेलं. हेच ते झीरो. अनेकांनी अहवाल वाचून सोडून दिला, कारण असलं विमान असूच शकत नाही. थॅचने मात्र तो खरा धरला. आणि खरा धरला की पुढचा प्रश्न अवघड होता: समोरचं विमान सगळ्याच बाबतीत वरचढ असेल तर करायचं काय?

त्याचं विमान म्हणजे ग्रमन वाइल्डकॅट. दणकट, गुबगुबीत, आणि चाकं आत घ्यायला पायलटला हाताने दांडा फिरवावा लागायचा, सुमारे तीस वेळा! एकट्या वाइल्डकॅटने झीरोच्या मागे जायचं, हे गणित सुटणारं नव्हतं. मग काड्या वेगवेगळ्या मांडत मांडत तो एका रचनेवर आला. चार विमानं, दोन जोड्या, एकमेकींना समांतर. मधलं अंतर विमानाच्या पूर्ण वळणाच्या घेराएवढं. डावी जोडी उजवीच्या शेपटीवर नजर ठेवणार, उजवी डावीच्या. स्वतःच्या मागे बघायचंच नाही.

आता समजा उजवीच्या मागे झीरो लागला. डावी जोडी ते बघते आणि एकदम उजवीकडे वळते. बोलायचं काही नाही. शेजारी आपल्याकडे का वळला? म्हणजे आपल्या मागे कोणीतरी आहे. मग उजवी डावीकडे वळते. दोघी एकमेकींना ओलांडतात. झीरोला आता दोनच पर्याय. सावज सोडून द्यायचं, नाहीतर त्याच्या मागे वळत जायचं आणि दुसऱ्या जोडीच्या बंदुकांसमोर थेट तोंड घेऊन यायचं. मग पुन्हा सरळ, मग पुन्हा वळण. वरून बघितलं तर वेणी घातल्यासारखं दिसतं. पुढे नाव पडलं थॅच वीव्ह.

ही रचना तपासायला त्याने शत्रू बनवलं आपल्याच स्क्वॉड्रनमधल्या बुच ओ’हेअरला. स्वतःच्या चार विमानांचा थ्रॉटल अर्ध्यावर बांधला, ओ’हेअरच्या चारांना पूर्ण ताकद दिली. म्हणजे झीरो नसताना झीरोचा फरक तयार केला. इंजिनिअर म्हणून मला हा भाग सगळ्यात आवडतो. खरं मशीन हाताशी नाही? मग आपलंच मशीन तेवढ्या प्रमाणात अडवून टेस्ट घ्या. ओ’हेअरला नेम धरता येईना. प्रत्येक वेळी समोरून नाक रोखलेलं विमान यायचं. (शिकागोला ऑनसाइट गेलेल्या मंडळींनो, तुम्ही ज्या विमानतळावर बॅगेची वाट बघत उभे राहता ना, तो याच ओ’हेअरच्या नावाचा. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये रात्रीच्या एका मोहिमेत तो बेपत्ता झाला.)

हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. पण ते काय प्रकरण आहे ते कळलं गेल्या शनिवारी रात्री.

आमचा आठ जणांचा स्क्वॉड आहे. पुणे, नाशिक, बंगळुरू, आणि एक जण आयर्लंडमधून येतो. ‘आयएल-२ स्टुर्मोविक: १९४६’ खेळतो. २००६ चा गेम, ग्राफिक्स आता म्हातारे झालेत, पण कोणाच्याही लॅपटॉपवर चालतो. ऑनलाइन स्क्वॉड ही कल्पना त्याहून जुनी बरं का. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘एअर वॉरिअर’ नावाचा गेम होता, लोक टेलिफोन लाइनवर मोडेम लावून तासाप्रमाणे पैसे मोजून एकमेकांची विमानं पाडायचे. आपण दिवसाच्या दोन जीबीवरून कुरकुरतो.

तर रात्री साडेदहाला सगळे जमले. चौघे वाइल्डकॅटमध्ये, चौघे झीरोत. मिशन साधं: डाइव्ह बॉम्बर कॉम्प्युटर चालवणार, आम्ही त्यांना जहाजांपर्यंत सांभाळून न्यायचं.

पहिली फेरी आम्ही मुद्दाम वीव्हशिवाय खेळलो. ज्याला जसं सुचेल तसं. साताठ मिनिटांत चारही वाइल्डकॅट पाण्यात. पण विमानांपेक्षा वाईट हाल झाले डिस्कॉर्डवर. चौघं एकाच वेळी ओरडत होते, “मागे! तुझ्या मागे!” अरे, तुझ्या म्हणजे कोणाच्या? ज्याला इशारा हवा तो सोडून बाकी तिघं वळले.

दुसऱ्या फेरीत वीव्ह. मी दुसऱ्या जोडीचा पुढारी. आणि इथे एक गोष्ट समजली जी कुठल्याही आकृतीत दिसत नाही. स्वतःच्या मागे न बघणं प्रचंड अवघड आहे. जॉयस्टिकवर मान वळवायचं एक छोटं बटण असतं, अंगठा सारखा त्याच्याकडेच जातो. मागे कोणी असेल का, ही खाज सहन करत समोरच्याच्या शेपटीकडे बघत राहायचं, आणि माझ्या शेपटीकडे तो बघतोय हे धरून चालायचं. जमायला तीन-चार वळणं लागली. झीरोवाले वैतागले. त्यांच्यात आमचा सगळ्यात मुरलेला पायलट होता, कॉलसाइन मिसळ. तो म्हणाला, “तुमच्यापैकी कोणाच्याही मागे लागलो की दुसरा तोंडावर येतो, खेळायचं कसं?” त्या फेरीत आमचा एक पडला, त्यांचे दोन, आणि बॉम्बर पोचले.

तिसरी फेरी आयर्लंडवाल्याने सुचवली: वाइल्डकॅटवाल्यांनी माइक बंद करायचे. पूर्ण शांतता, फक्त इंजिनचा आवाज. आम्हाला वाटलं आता वाट लागणार. पण फेरी दुसरीपेक्षा नीट झाली! इशारा म्हणजे वळण आणि वळण म्हणजेच उत्तर. शब्दांची गरज थॅचने काड्या मांडतानाच काढून टाकली होती.

आणि ती त्याला स्वतःलाच लागणार होती. ४ जून १९४२, मिडवेची लढाई. यॉर्कटाऊन जहाजावरून बारा टॉर्पेडो विमानं निघाली, त्यांच्या संरक्षणाला थॅचची फक्त सहा वाइल्डकॅट. दोन खाली टॉर्पेडो विमानांजवळ, चार वर. जपानी जहाजांजवळ पंधरा-वीस झीरो तुटून पडले. पहिल्याच झटक्यात चौथं विमान गेलं, एडगर बॅसेटचं. वीव्हला चार लागतात, उरली तीन. त्यातला मॅकोम्बर दुसऱ्या स्क्वॉड्रनमधून नुकताच आलेला. त्याला हा प्रकार कोणी शिकवलेलाच नव्हता, आणि त्याचा रेडिओही बंद. तो बिचारा थॅचला चिकटून उडत राहिला. थॅचने मग आपला तरुण विंगमन रॅम डिब याला बाजूला, लांब जायला सांगितलं: तूच आता दुसरी जोडी. एकट्या माणसाची जोडी! थोड्याच वेळात डिबच्या मागे झीरो लागला, तो थॅचकडे वळला, थॅच त्याच्या खालून निघाला आणि समोरून झीरोवर गोळ्या झाडल्या. काड्यांवरचा डाव पहिल्यांदा खऱ्या लढाईत चालला.

त्या विमानात सहा बंदुका होत्या, पण प्रत्येकीला २४० गोळ्या. म्हणजे सगळं मिळून वीसेक सेकंदांचा मारा. थॅच मांडीला बांधलेल्या वहीवर पाडलेल्या विमानांच्या खुणा करत होता. मग त्याने ते थांबवलं. ही वही काही परत जाणार नाही, मग खुणा कोणासाठी, असं वाटलं म्हणून. हे त्याने नंतर सांगितलंय. आमच्या गेममध्ये पाण्यात पडल्यावर स्क्रीनवर ‘रीफ्लाय’ येतं. मी त्या रात्री ते बटण किती वेळा दाबलं ते मोजलं नाही.

थॅच, डिब, मॅकोम्बर तिघंही परतले. पण ज्यांना सांभाळायचं होतं त्या बारा टॉर्पेडो विमानांपैकी एकही यॉर्कटाऊनवर उतरलं नाही. म्हणून वीव्हची गोष्ट विजयाची म्हणून सांगितली जाते तेव्हा मला थोडं खटकतं. त्याने फायटर वाचले. टॉर्पेडोवाले नाही वाचले. हो, झीरो त्या सकाळी खाली पाण्यालगतच्या झटापटीत अडकले आणि त्याच सुमारास वरून अमेरिकन डाइव्ह बॉम्बर आले. काही मिनिटांत आकागी, कागा आणि सोर्यू ही तीन विमानवाहू जहाजं पेटली. पण हे कोणी तसं ठरवून आखलेलं नव्हतं.

रात्री दीड वाजता मिसळने विचारलं, जपान्यांनी यावर उपाय काय काढला? साबुरो साकाई या नामांकित झीरो पायलटच्या आठवणींत ग्वाडलकनालवरच्या पहिल्या गाठीचं वर्णन आहे. त्याचा वरिष्ठ नाकाजिमा वीव्हमध्ये सापडला, सूर मारून निसटला आणि तळावर येऊन संतापला. तो तळ होता रबौलला, सुमारे हजार किलोमीटर लांब. तेवढं उडून जायचं, काही मिनिटं लढायचं आणि तेवढंच परत यायचं, जखमी असलात तरी.

पुढच्या शनिवारी बाजू बदलतोय. आम्ही चौघं झीरोत. आणि मिसळची अट आहे की विमानं रबौलवरूनच उडवायची, मधलं अंतर फास्ट-फॉरवर्ड न करता.