फंडाचे पैसे

आमचे आबा लालबागच्या गिरणीत साचे चालवायचे. त्यांच्या वडिलांच्या काळी कामगाराचं म्हातारपण गावावर सोपवलेलं असे: हातपाय थकले की मुलाला गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवायचं आणि कोकणात भाताच्या तुकड्यावर जगायचं. जन्मभर गावी मनिऑर्डरी धाडायच्या त्या याचसाठी.

१९५२च्या कायद्याने प्रॉव्हिडंट फंड आला, आणि तो लागू झालेल्या पहिल्या सहा उद्योगांत कापड होतं. १९५४मध्ये मुंबईत ईएसआय, म्हणजे कामगारांची विमा योजना, आली, १९७२मध्ये ग्रॅच्युइटीचा कायदा. म्हातारपण पहिल्यांदाच पगाराला जोडलं गेलं. आबांच्या पिढीला ही केवढी मोठी गोष्ट वाटे!

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अनेक घरांत आधी दागिने, मग भांडी, मग फंड संपला. आईने खानावळ चालवून आम्हाला जगवलं. बाईच्या या कमाईला ना फंड, ना ग्रॅच्युइटी.

कामगारांची पेन्शन योजना आली १६ नोव्हेंबर १९९५ला. तोवर आबांसारखे हजारो जण हजेरीपटावरून केव्हाच उतरले होते. ज्यांच्या घामावर मुंबई उभी राहिली, त्यांना तिने म्हातारपणी वाऱ्यावर सोडलं.