न उच्चारलेल्या प्रेमाचे दुसरे पर्व

भुतांच्या नगरीतल्या जुगाराच्या अड्ड्यावर एक भूतराजा एका दुर्दैवी देवाला फासे टाकायला शिकवतो. शिकवताना त्याच्या हातावर आपला हात ठेवतो. प्रसंग एवढाच आहे. मात्र ‘थिएन क्वान त्सि फू’ या चिनी ॲनिमेशन मालिकेच्या दुसऱ्या पर्वाविषयी बोलताना तिचे चाहते आणि टीकाकार दोघेही याच प्रसंगापाशी येऊन थांबतात. इतक्या थोडक्यात इतके सांगितले, हे चाहत्यांचे कौतुक. इतकेच सांगितले, ही टीकाकारांची तक्रार.

इंग्रजीत ‘हेवन ऑफिशियल्स ब्लेसिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेचे पहिले पर्व ३१ ऑक्टोबर २०२० रोजी ‘बिलिबिली’ या चिनी संकेतस्थळावर सुरू झाले. त्याचे अकरा भाग आणि फेब्रुवारी २०२१ मधील एक विशेष भाग संपल्यावर प्रेक्षकांना तब्बल अडीच वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. बारा भागांचे दुसरे पर्व १८ ऑक्टोबर २०२३ पासून ‘क्रंचीरोल’मार्फत चीनबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले आणि जानेवारी २०२४ मध्ये संपले. येथे विचार आहे तो प्रामुख्याने या बाहेरच्या प्रेक्षकांच्या मतांचा.

मालिकेचे नाव ही चीनमधील एक जुनी मंगलकामना आहे. ताओ परंपरेत स्वर्ग, पृथ्वी आणि जल यांचे तीन अधिकारी मानले जातात. त्यांपैकी स्वर्गाचा अधिकारी सुख आणि समृद्धी देतो, अशी श्रद्धा असल्याने नववर्षाच्या दिवसांत त्याची चित्रे घरोघरी लावली जात. ‘स्वर्गाचा अधिकारी आशीर्वाद देवो’ असा या चार अक्षरांचा अर्थ. कथेतला देव मात्र आशीर्वाद देण्याच्या स्थितीत मुळीच नाही. शिए लिएन हा शिएनलं राज्याचा युवराज वयाच्या सतराव्या वर्षी देवपदाला पोहोचतो, पुढे दोनदा स्वर्गातून हाकलला जातो आणि आठशे वर्षांनी तिसऱ्यांदा वर येतो तेव्हा सगळ्या देवलोकात त्याचे हसे होते. त्याला मंदिर नाही, भक्त नाहीत. पोटासाठी तो भंगार गोळा करतो. त्याच्या वाटेत येतो लाल वेशातला हुआ चेंग. तेहतीस देवांना आव्हान देऊन हरवणारा, ज्याच्या नावाने स्वर्ग थरथरतो असा हा भूतराजा या एका देवापुढे मात्र विलक्षण नम्र असतो. तो असा का वागतो, हेच कथेचे रहस्य आहे.

मूळ कादंबरी २०१७-१८ मध्ये ‘चिनजियांग’ या चिनी साहित्यिक संकेतस्थळावर क्रमशः प्रसिद्ध झाली. लेखिकेचे टोपणनाव ‘मो शियांग थोंग शिऊ’, म्हणजे ‘शाईचा सुगंध, तांब्याच्या नाण्यांचा दर्प’. लेखणीवर पोट भरणाऱ्या कोणालाही हे नाव मनापासून पटावे. ही कादंबरी ‘तानमेई’ प्रकारातली आहे. पुरुषांमधील प्रेमाच्या, बहुतांशी स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या कथांना चीनमध्ये हे नाव आहे. कादंबरीत शिए लिएन आणि हुआ चेंग यांचे प्रेम स्पष्ट आहे. पडद्यावर ते तसे दाखवता येत नाही आणि प्रेक्षकांच्या मतभेदाचे मूळ येथेच आहे.

पहिला वाद मात्र प्रेमाचा नव्हता, रेषेचा होता. पहिले पर्व ‘हाओलायनर्स’ या चिनी स्टुडिओने ली हाओलिंग यांच्या दिग्दर्शनाखाली केले होते. दुसऱ्या पर्वाचे काम ‘रेड डॉग कल्चर हाउस’ या दुसऱ्या स्टुडिओकडे गेले. हात बदलला की चेहरे बदलतात. पहिल्या पर्वातले चेहरे मऊ, धूसर प्रकाशात न्हालेले होते. नव्या पर्वात रेषा अधिक ठसठशीत आणि रंग अधिक गडद झाले. जुन्या रूपात जीव गुंतलेल्या प्रेक्षकांना सुरुवातीच्या भागांत शिए लिएन परका वाटला. या तक्रारीला एक उत्तर आहे आणि ते कथेतूनच येते. पहिल्या पर्वात हुआ चेंग बहुतांशी ‘सान लांग’ नावाच्या तरुणाच्या रूपात वावरतो. दुसऱ्या पर्वात तो आपल्या खऱ्या रूपात समोर येतो, अधिक उंच, एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला. त्याचे रूप बदलायचेच होते. शिए लिएनच्या बाबतीत हा बचाव लागू पडत नाही, हेही खरे.

भूतनगरीच्या चित्रणावर मात्र फारसे दुमत दिसत नाही. कंदिलांच्या लाल उजेडातला बाजार, मुखवट्यांची आणि मुखवटेच भासणाऱ्या चेहऱ्यांची गर्दी, आणि मधोमध जुगाराचा अड्डा, जिथे पैशांऐवजी हातपाय आणि आयुष्याची वर्षे पणाला लागतात. स्वर्गातले देव एकमेकांचे पाय ओढतात, अहंकाराने फुगलेले असतात. आणि भुतांची ही वस्ती मात्र आरडाओरडा करणारी, हिशेबी, पण ढोंग न करणारी. कादंबरीतला हा उपरोध नव्या पर्वात शाबूत राहिला आहे. याच अड्ड्यावर शिए लिएन पणाला लावतो तो अर्धा खाल्लेला, वाफवलेला पाव. त्याच्याजवळ दुसरे काही नसतेच. खेळ भूतराजाचा, नगरी भूतराजाची, आणि पडद्याआडून उठून तोच या कंगाल देवाचा हात हातात घेऊन फासे हलवतो. हसू आणि ओढ यांचा असा मेळ पहिल्या पर्वातही एकदाच साधला होता. नववधूच्या वेशातल्या शिए लिएनचा हात धरून हुआ चेंग त्याला भर रक्तपावसात छत्रीखाली नेतो, तो प्रसंग प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत. हुआ चेंगची तलवार ‘अमिंग’ हिच्या मुठीवर डोळा आहे आणि शिए लिएनने कुरवाळले की ती लाडावते, हा विनोदही बहुतेकांना भावला.

पुढे कथा गंभीर होते आणि मतेही विभागतात. लांग छिएनछिऊ हा योंगआन राज्याचा युवराज. याच राज्याने शिए लिएनचे शिएनलं उलथवले होते. एका मेजवानीतल्या जुन्या हत्याकांडाचा प्रश्न निघतो, शिए लिएन स्वतःवर दोष ओढवून घेतो, आणि छी रोंग हा त्याचाच नातलग, आता हिरवट भूत झालेला, सारे चिघळवतो. कादंबरी वाचलेल्यांना हा भाग दुसऱ्या पर्वाचा कणा वाटतो. ज्याने आठशे वर्षे अपमान गिळले तो माणूस खरे बोलण्यापेक्षा दोषी ठरणे का पत्करतो, हा प्रश्न येथे प्रथमच धारदार होतो. ज्यांनी केवळ मालिका पाहिली त्यांची अवस्था निराळी. प्रत्येक पात्राला एक नाव, एक पदवी आणि निदान एक टोपणनाव. शिवाय वायुदेवता शि छिंगश्वान कधी पुरुषरूपात तर कधी स्त्रीरूपात. उपशीर्षके वाचता वाचता कोण कोणाचा शत्रू हेच विसरायला होते, ही तक्रार रास्त आहे. बारा छोट्या भागांत दोन राजघराण्यांचा इतिहास बसवताना दिग्दर्शनाची धांदल उडालेली जाणवते.

भाषेचा प्रश्न आणखी एका ठिकाणी नडतो. हुआ चेंग शिए लिएनला ‘ककं’ म्हणतो. शब्दाचा अर्थ मोठा भाऊ, पण चिनी बोलण्यात नात्याबाहेरच्या माणसाला लाडाने, सलगीने असे म्हटले की त्याला वेगळाच रंग चढतो. तो इंग्रजीत आणणे अवघडच. मराठीत ‘दादा’ असे भाषांतर केले तर सगळा शृंगार रक्षाबंधनाच्या ताटात जाऊन बसेल. म्हणूनच अनेक प्रेक्षक मूळ चिनी आवाजाचा आग्रह धरतात. शिए लिएनला ज्यांग क्वांगथाओ आणि हुआ चेंगला मा चंगयांग यांनी आवाज दिला आहे. हुआ चेंगच्या स्वरातली थट्टा आणि त्याखालची काळजी एकाच शब्दात ऐकू येते, आणि जे चित्रातून वगळावे लागले ते बऱ्याच अंशी या आवाजांनी भरून काढले, असे म्हणायला जागा आहे.

वगळावे का लागले, हे समजून घेतल्याशिवाय या पर्वाचे मूल्यमापन अपुरे राहील. चीनमध्ये समलिंगी संबंध १९९७ पासून गुन्हा नाहीत आणि २००१ मध्ये समलैंगिकता मानसिक आजारांच्या यादीतूनही वगळण्यात आली. पडद्यावर मात्र दार बंदच राहिले. दूरचित्रवाणी मालिकांसाठीच्या २०१६ मधील मार्गदर्शक नियमांत आणि २०१७ मधील इंटरनेट कार्यक्रमांच्या नियमांत समलिंगी संबंधांचे चित्रण निषिद्ध ठरले. सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या पर्वाच्या मधल्या काळात, राष्ट्रीय रेडिओ व दूरचित्रवाणी प्रशासनाने ‘बायकी’ पुरुषसौंदर्याविरुद्ध फर्मान काढले आणि तानमेई कादंबऱ्यांच्या रूपांतरांवरही संक्रांत आली. याच लेखिकेच्या दुसऱ्या कादंबरीवर बेतलेली ‘द अनटेम्ड’ ही मालिका २०१९ मध्ये प्रचंड गाजली होती. तिच्यातही प्रेमाला जिवलग मैत्रीचे वस्त्र नेसवावे लागले होते. तेव्हा दुसऱ्या पर्वाच्या कर्त्यांसमोर प्रेम दाखवावे की नाही हा पर्याय नव्हताच. नाव न घेता किती दाखवता येईल, एवढाच प्रश्न त्यांच्या हाती होता.

यावर प्रेक्षकांत दोन तट दिसतात. एका तटाच्या मते ही मालिका सूचकतेच्या बळावरच उभी आहे. चांदीची फुलपाखरे, लाल धागा, क्षणभर रेंगाळलेली नजर हेच तिचे शब्द आहेत आणि उघड कबुलीपेक्षा ते जास्त काळ लक्षात राहतात. दुसरा तट विचारतो, की सूचकता ही कलावंताची निवड असेल तर तिचे कौतुक करावे. पण ती लादलेली असेल तर तिला सौंदर्य म्हणायचे कसे? बंद खोलीत कोणी सुरेख गायले, म्हणून खोलीच्या कुलपाचे आभार मानायचे का? हा दुसरा प्रश्न सहजासहजी बाजूला सारता येत नाही. विशेषतः ज्या तरुण प्रेक्षकांना आपलेच आयुष्य या कथेत दिसते, त्यांच्यासाठी तो कलासमीक्षेचा मुद्दा उरत नाही. मात्र फाशांच्या प्रसंगाला निव्वळ तडजोड म्हणणेही अन्यायाचे ठरेल. तो मूळ कादंबरीतही आहे, जिथे लेखिकेला पुढे सारे स्पष्टच लिहायचे होते, आणि तिथेही तो असाच अबोल आहे.

चीनबाहेर या कथेला वाचक मिळाले ते याच वर्षांत. कादंबरीचे इंग्रजी भाषांतर ‘सेव्हन सीज’ने डिसेंबर २०२१ पासून आठ खंडांत काढले आणि पहिलाच खंड ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सर्वाधिक खपाच्या यादीत झळकला. त्यामुळे दुसरे पर्व आले तेव्हा प्रेक्षकांत उघड दोन वर्ग पडले होते. सुमारे अडीचशे प्रकरणांच्या कादंबरीचा दोन पर्वांत मिळून लहानसाच भाग पडद्यावर आला आहे. खंड वाचून झालेल्यांना हुआ चेंगच्या पट्टीखाली काय आहे आणि तो डोळा कोणासाठी गेला हे ठाऊक आहे. केवळ मालिका पाहणाऱ्यांना ती अजून नुसती पट्टी वाटते.