रेडवूडचे जंगल आणि करवतवाले

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर शंभर मीटरांहून उंच वाढणारे रेडवूड वृक्ष आहेत. १९६८ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. पण वरच्या डोंगरांवर तोड चालूच राहिली आणि तेथली माती ओढ्याने उद्यानात येऊ लागली. म्हणून १९७८ साली आणखी ४८,००० एकर जमीन घेतली गेली. तीही बहुतेक आधीच बोडकी झालेली!

तत्पूर्वी, १९७७ साली, लाकूडतोडे ट्रकांचा ताफा घेऊन वॉशिंग्टनला धडकले. अध्यक्ष कार्टर भुईमुगाचे शेतकरी. म्हणून रेडवूडच्या ओंडक्याची कोरलेली प्रचंड शेंग त्यांनी बरोबर नेली. ती काही स्वीकारली गेली नाही. या माणसांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण झाड वाचविण्याची किंमत हातावर पोट असणाऱ्यानेच का भरावी? संघटनेत आयुष्य घालविलेल्या मला त्या कायद्यातले मोठे कलम वाटते ते बेकार होणाऱ्या कामगारांच्या भरपाईचे.

पुढे बुलडोझरांनीच लाकूडवाहतुकीचे जुने रस्ते मोडले, बुजलेले ओढे मोकळे केले. कंपन्यांनी विमानातून बी फेकल्यामुळे डग्लस फरची जी दाटी माजली, ती विरळ केल्यावाचून रेडवूडला ऊन मिळत नाही. त्या कामाला पुन्हा करवतवालाच लागतो.