लहान मुलांचा गणिताचा सराव घरच्या दिनक्रमात कसा बसवायचा?

टेंभी नाका (ठाणे) : मूल शाळेत जातं, गृहपाठही करतं, पण बेरीज-वजाबाकी आली की अडखळतं, ही तक्रार टेंभी नाक्यावरच्या चाळीत जशी ऐकू येते तशीच शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरही. त्यावर बहुतेकांना दोनच उपाय दिसतात. एक तर शिकवणी लावायची, नाहीतर रविवारी दोन तास बसवून पानंच्या पानं गणितं करून घ्यायची. पहिली ते तिसरीच्या वयाला दोन्हींपेक्षा रोजची दहा मिनिटं जास्त उपयोगी पडतात, आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावाच लागतो असं नाही.

पहिल्या तीन वर्षांत काय यायला हवं?

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि पायाभूत गणित यावं, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचं ठरलं. त्यातली गणिताची लक्ष्यं थोडक्यात अशी :

- बालवाटिका : १० पर्यंतचे अंक ओळखणे
- पहिली : ९९ पर्यंतच्या संख्या वाचणे-लिहिणे, सोपी बेरीज-वजाबाकी
- दुसरी : ९९९ पर्यंतच्या संख्या, ९९ पर्यंतची वजाबाकी
- तिसरी : ९,९९९ पर्यंतच्या संख्या, सोपा गुणाकार

आपलं मूल नेमकं कुठे आहे ते आधी बघा. तिसरीतल्या मुलाला दुसरीची वजाबाकी जमत नसेल, तर तिथूनच सुरुवात करा. त्यात कमीपणा काही नाही. खालची पायरी कच्ची राहिली की वरची डगमगतेच.

परवच्याची जुनी सवय

घरच्या सरावाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. दिवेलागणीला हातपाय धुऊन मुलं ओळीनं बसायची, शुभंकरोति म्हणायची आणि मग परवचा. त्यात साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा असायची. तेव्हा सोळा आण्यांचा रुपया होता, त्यामुळे पाव-अर्ध्याचा हिशेब रोजचाच. १ एप्रिल १९५७ पासून शंभर पैशांचा रुपया आला आणि औटकीची गरज हळूहळू संपली.

पण परवच्यातली एक गोष्ट आजही घेण्यासारखी आहे : ठरलेली वेळ, थोडाच वेळ आणि रोज. फक्त नुसत्या पाठांतरावर थांबू नका. 'चार सख चोवीस' म्हणणाऱ्या मुलाला चार ताटांत सहा-सहा पुऱ्या मांडून दाखवता आल्या पाहिजेत.

दिवसात कुठे कुठे बसेल?

सकाळी : ताटं, वाट्या, भाकऱ्या मुलाला मोजून ठेवू द्या. "आपण पाच जण, प्रत्येकाला दोन भाकऱ्या, एकूण किती?" बादली किती तांब्यांनी भरते, याचा आधी अंदाज करायला सांगा आणि मग मोजायला लावा.

जाता-येता : कल्याणहून कसाऱ्याकडे निघालात तर शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव अशी स्टेशनं मोजा. "आसनगाव कितवं? खडवली गेलं, आता किती राहिली?" एसटीने जात असाल तर वाटेतली गावं किंवा रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आहेतच.

दुकानात : हल्ली मोबाईलनं स्कॅन केलं की पैसे गेले. मुलाला नोटही दिसत नाही आणि सुट्टेही. आठवड्यातून एकदा तरी रोख द्या. पाच रुपयांची पेन्सिल, तीन रुपयांचं खोडरबर, वीसची नोट दिली, तर परत किती? दुकानातून निघण्याआधी त्यालाच मोजू द्या.

संध्याकाळी : वही-पेन्सिल घेऊन पाच ते सात मिनिटं. तीन-चार गणितं पुरेत. पाढे २, ५ आणि १० पासून सुरू करा, नंतर ३, ४, ६. साप-शिडी खेळलात तर तोही सरावच. दोन फाशांची बेरीज करून सोंगटी पुढे नेताना मूल शंभरपर्यंतच्या संख्या आपसूक घोटतं.

सणावारी : टेंभी नाक्याची देवी बघायला गर्दीत उभे असाल तर विचारा, "आज पाचवी माळ, नऊ व्हायला किती राहिल्या?" दहीहंडीचं चित्र काढून खालच्या थराला सहा, वर चार, मग तीन, दोन, एक अशी माणसं मांडा. एकूण सोळा येतात का, ते त्यालाच बघू दे.

मराठी आकड्यांची अडचण

आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी बोलतो, लिहिताना मात्र दोन आधी. म्हणून काही मुलं २५ ऐवजी ५२ लिहितात. 'एकोणतीस' ऐकलं की तीस कानात राहतं आणि ३९ लिहिलं जातं. हा निष्काळजीपणा नाही, भाषेची गुंतागुंत आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं गेलं ते याच कारणाने. त्यावरून राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा जोडाक्षरं आणि उलट क्रम मुलांना जड जातात, ही बाजू मांडली होती.

घरी उपाय सोपा आहे. खराट्याच्या हिराच्या काड्या घ्या, दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधा. दोन जुड्या आणि पाच सुट्या म्हणजे पंचवीस. एकोणतीसला तीन जुड्या मांडून एक काडी काढायची. 'एकोण' म्हणजे एक उणा, हे डोळ्यांना दिसतं. काड्या नसतील तर चिंचोके चालतील.

आपली भीती मुलाला देऊ नका

"मला पण गणित कधी जमलं नाही" हे वाक्य मुलासमोर टाळा. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शिकागो भागातल्या पहिलीच्या ५८७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आईवडील मुलांसोबत गणिताच्या छोट्या गोष्टी वाचून त्यावरचे प्रश्न सोडवत. ज्या घरांत पालकांनाच गणिताची धास्ती होती, तिथल्या मुलांना याचा फायदा सर्वांत ठळक झाला.

म्हणजे आईवडिलांचं शिक्षण कमी असलं तरी अडत नाही. भाताची पोती, दुधाचे लिटर, मजुरीचे दिवस यांचा तोंडी हिशेब करणारी आई किंवा आजोबा हे घरातले पक्के शिक्षक आहेत. त्यांना विचारायला मुलाला सांगा.

काही पथ्यं मात्र पाळा :

- मूल भुकेलं किंवा झोपाळलेलं असेल तर त्या दिवशी सुट्टी.
- उत्तर चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगू नका. "कसं काढलंस ते सांग" म्हणा. बऱ्याचदा सांगता सांगता त्याला स्वतःलाच चूक सापडते.
- बोटांवर मोजू द्या. सराव झाला की बोटं आपोआप सुटतात.
- शेजारच्या मुलाशी तुलना नको, ओरडणं नको, मारणं तर नकोच.
- शेवटचं गणित त्याला येणारं द्या, म्हणजे उद्या ते आनंदाने बसेल.

तरीही जमत नसेल तर

काही महिने नेमाने सराव करूनही दुसरी-तिसरीतल्या मुलाला लहान-मोठी संख्या ओळखता येत नसेल, तर आळशी ठरवू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग वर्गशिक्षकांशी बोला आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची भेट मागा. अध्ययन अक्षमतेत गणिताची अडचणही येते, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिची दखल घेतलेली आहे. अडचण लवकर लक्षात आली तर मदतही लवकर मिळते.

लोकलने रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्या पालकांनाही जेवायच्या ताटावर दोन प्रश्न विचारणं जमण्यासारखं आहे. आजपासून एकच वेळ ठरवा, सकाळची भाकरी किंवा संध्याकाळचा दिवा, आणि पंधरा दिवस ती मोडू नका.