अजिंठ्याच्या भिंतीवरील जहाज

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एक जहाज चितारलेले आहे. तीन डोलकाठ्या, उंच आयताकृती शिडे, वर उचललेली दोन्ही टोके, ओळीने मांडलेले रांजण आणि मागे सुकाणूचे काम करणारी वल्ही. पाचव्या शतकातील हे चित्र भारतीय नौकानयनावरील ग्रंथांतून वारंवार छापले गेले. परंतु चित्रकार हा काही जहाज बांधणारा सुतार नव्हे. लांबी किती, पाण्याखालचा घाट कसा, भार कोठे, हे भिंत सांगत नाही. आणि त्या जहाजाचा आराखडाही मागे उरलेला नाही. शोभेची प्रतिकृती त्यामुळे सहज होते. तळ कसाही कोरला तरी काचेच्या कपाटात ती बुडत नाही!

२०२३ साली गोव्यात या चित्रावरून खरेखुरे जहाज बांधावयास घेतले गेले, तेव्हा मात्र ही मुभा राहिली नाही. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवण्यात आल्या व सांधे राळेने बुजविण्यात आले. ही रीत फार जुनी. मार्को पोलोने होर्मुझ येथे अशी शिवलेली जहाजे पाहून त्यांना अगदी कुचकामी ठरविले होते. अरबी समुद्रावरील व्यापार त्यांच्यावरच शतकानुशतके चालला, ही गोष्ट त्याच्या निवाड्याला फारशी पोषक नाही.

तळाचा घाट तर्कानेच ठरवावा लागला. तो तपासण्यासाठी मद्रासच्या आय.आय.टी.त प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या. अशा चाचणीमागचा नियम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केला: प्रतिकृती मूळ जहाजाच्या एक नवमांश असेल, तर ती एक तृतीयांश वेगाने ओढावी, म्हणजे लाटांचा आकृतिबंध मुळासारखाच उमटतो. वजन मात्र ७२९ पटींनी घटवावे लागते. लहान नमुना बोलका होतो तो या हिशेबामुळे.

सुमारे १९.६ मीटर लांबीचे हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. शिडांवरील गंडभेरुंड, पुढच्या टोकावरील सिंहयाळी आणि हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर हे अलंकार अजिंठ्याचे नव्हेत. निरनिराळ्या काळांची ही सरमिसळ अभ्यासकाने ध्यानी ठेवावी. चित्रातले जहाज नेमके असेच होते, असा दावा कोणालाही करता येणार नाही. मात्र या घाटाचे, खिळ्यांवाचून शिवलेले जहाज २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले.