यमूचं वय

'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी आपल्यातल्या बहुतेकांनी वाचलेली नसते, पण परीक्षेत तिच्यावर दोन ओळी लिहिलेल्या असतात. लेखक हरि नारायण आपटे, विषय विधवांची दुःस्थिती, पुढचा प्रश्न. मी ती गेल्या पावसाळ्यात मोबाइलवर वाचली. स्कॅन केलेली जुनी प्रत, पानं पिवळी, अक्षर बारीक. वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली. जिला आपण 'विधवा', 'स्त्री', 'नायिका' म्हणतो ती यमू या कादंबरीच्या मोठ्या भागात चक्क मुलगी आहे. आज ती असती तर तिच्या पाठीवर दप्तर असतं.

किशोरवयातल्या पात्रांच्या वाट्याला आलेल्या 'मोठ्यांच्या' गोष्टी, म्हणजे लग्न, शरीर, प्रेम, हिंसा, कथेत कशा लिहायच्या? हा प्रश्न वेबसिरीज आल्यापासूनचा आहे असं आपल्याला वाटतं. मराठीला तो सव्वाशेहून अधिक वर्षं पडलेला आहे, आणि तेव्हाची उत्तरं आजही कामाची आहेत. म्हणून हा लेख.

दहा की बारा?

आधी काळ समजून घेऊ. १८९० च्या सुमारास 'किशोरवय' नावाचा आयुष्यातला टप्पाच कुणी मोजत नव्हतं. मुलगी असायची, मग एकदम सून असायची. मधलं काही नाही.

त्याच सुमारास कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीमुळे दगावली. त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाही. १८६० च्या दंड संहितेत संमतीचं वय १० होतं, आणि फुलमणी दहा वर्षांची झालेली होती. तो सौम्य कलमाखाली शिक्षा भोगून सुटला.

मग देशभर वाद पेटला. बेहरामजी मलबारी १८८४ पासूनच बालविवाहाविरुद्ध लिहीत होते. पुण्या-मुंबईत रानडे, भांडारकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला आणि वय १० वरून १२ वर आलं. दोन वर्षांची वाढ, आणि त्यासाठी एवढं रणकंदन.

या सगळ्या गदारोळात शास्त्री बोलले, वकील बोलले, डॉक्टर बोलले, संपादक तर बोललेच. ज्यांच्या वयाचा हा वाद होता त्या मुलींचा आवाज मात्र जवळजवळ कुठेच नाही. मुंबईच्या रखमाबाईंनी १८८५ मध्ये टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रं लिहून आपली बाजू मांडली, हा ठळक अपवाद. पण लहानपणी लावून दिलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाई तोवर विशी ओलांडलेल्या होत्या. दहा-बारा वर्षांची मुलगी बोलतेय, असं कुठेच नव्हतं.

सव्वीस वर्षांचा बाप्या आणि यमूचा 'मी'

ते बोलणं आलं कादंबरीतून. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः यायला लागली. १८९३ पर्यंत ती चालली. म्हणजे संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा लोक यमूची गोष्ट हप्त्याहप्त्याने वाचत होते. आपटे तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे.

त्यांनी केलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे गोष्ट यमूच्या तोंडून सांगितली. आज आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण विचार करा, सभेत आणि अग्रलेखात ज्या मुलीवर चर्चा चाललीय, तीच मुलगी घरी येणाऱ्या अंकात 'मी' म्हणून बोलायला लागते.

या 'मी'मुळे तीन गोष्टी आपोआप झाल्या. पहिली, यमूला जे कळत नाही ते वाचकालाही थेट सांगितलं जात नाही. मोठी माणसं दार लोटून काहीतरी कुजबुजतात, कुणी रडतं, कुणी रागावतं. यमू ते बघते, तिला अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं आपल्याला कळतं, आणि पोटात गोळा येतो. दुसरी, तिला स्वतःचं असं आयुष्य मिळालं. दादा आहे, दुर्गी नावाची मैत्रीण आहे, रुसवे-फुगवे आहेत. तिच्यावर पुढे जे येतं ते अशा एका ओळखीच्या मुलीवर येतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नवरा गेल्यावर शंकरमामंजी तिचं केशवपन जबरदस्तीने करवतात, तेव्हा वाचक यमूच्या बाजूला असतो, न्हाव्याच्या बाजूला नाही. तो तिच्याकडे बघत नाही, तिच्या डोळ्यांनी बघतो.

एखाद्या लहान मुलीवरचा अत्याचार लिहायचा तर लेखक कुठे उभा आहे, यावर सगळं ठरतं. समोर उभं राहून वर्णन करत गेलं की वाचकही प्रेक्षक होतो, आणि करुणेच्या नावाखाली नुसतं पाहणं सुरू होतं. आपट्यांनी तो रस्ताच बंद केला.

हसायचं कुणाला?

१८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' रंगभूमीवर आलं. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. म्हातारा भुजंगनाथ, पैशांसाठी मुलगी द्यायला निघालेला बाप कांचनभट, जुळवाजुळव करणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि मधे सापडलेली शारदा. विषय इतका जड, की नुसता गंभीरपणे मांडला असता तर लोक पहिल्या अंकाला उठून गेले असते. देवलांनी विनोद वापरला.

पण विनोद कुणावर, हे बघण्यासारखं आहे. हसू आहे ते भुजंगनाथावर. केसांना कलप, तारुण्याचा आव, लग्नाची घाई. शारदेवर नाटक एकदाही हसत नाही. आपल्याकडच्या अनेक सिनेमांनी नेमकं उलट केलंय. वयात येणाऱ्या मुलीच्या अंगाखांद्यावर विनोद, आणि तिच्यामागे लागणारा पुरुष 'रंगेल' म्हणून माफ. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या देवलांना हा फरक कळत होता.

देवलांची मर्यादाही सांगायला हवी. ते लग्न मोडतं ते वर आणि वधू सगोत्र निघाल्यामुळे. शारदेला नको होतं, हे कारण पुरेसं ठरत नाही. मुलीचा नकार हा नकार आहे, इथवर त्या काळचं नाटक पोचलं नाही.

पुढे १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरलं. मराठीत त्याला सर्रास 'शारदा कायदा' म्हणतात. खरं तर तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून. पण 'सारडा'चं 'शारदा' आपल्याकडे इतकं सहज रुळलं, त्याला देवलांची शारदा कारण असावी असं मला नेहमी वाटतं.

घरातलं मौन

इथे कुणी म्हणेल, हे सगळं कथेत कशाला? खऱ्या बायकांनी लिहिलंच आहे की. लिहिलं आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० मध्ये आल्या. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचं लग्न एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी झालं. त्या आठवणींत शिकणं आहे, घरातल्या बायकांची बोलणी खाणं आहे, नवऱ्याविषयी अपार आदर आहे. पण अकरा वर्षांच्या मुलीला त्या घरात भीती वाटली का, आणि कशाची, हे विचारायची सोय त्या पुस्तकात नाही. ते साहजिक आहे. स्वतःच्या नावाने, दिवंगत आणि थोर नवऱ्याविषयी लिहिणाऱ्या बाईने किती सांगावं?

माझी पणजी तेराव्या वर्षी सासरी आली. तिच्या लग्नाबद्दल आमच्या घरात तीन गोष्टी माहीत आहेत: बैलगाड्या किती होत्या, पुतळ्यांची माळ किती तोळ्यांची होती आणि जिलब्या कमी पडल्या होत्या. ती नव्वदीपर्यंत जगली. तेरा वर्षांच्या तिला त्या दिवशी काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. अशा घरांमधून जे नाहीसं झालं, त्यातलं थोडंफार यमूकडे शिल्लक आहे. कल्पित पात्राला अब्रू जायची भीती नसते, म्हणून ते बोलू शकतं.

जोशी, आर्ची आणि कापलेलं दृश्य

काळ बदलला, वयं वाढली. १९७८ मध्ये मुलीच्या लग्नाचं वय १८ झालं. मधल्या काळात शाळा, बेंच, ट्यूशन आले आणि 'किशोरवय' नावाचा टप्पा खरोखर अस्तित्वात आला. त्याबरोबर लेखकांचा प्रश्नही बदलला. आता मुलांवर लादलेल्या गोष्टींबरोबर मुलांच्या स्वतःच्या मनात उगवणाऱ्या गोष्टीही होत्या.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ मध्ये आली. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी आणि त्याच्या मनातली शिरोडकर. ही पोरं चावट बोलतात, अर्धवट माहितीवर मोठमोठे सिद्धांत मांडतात. बोकील ते झाकत नाहीत आणि चघळतही नाहीत. पोरांच्या भाषेत जेवढं येईल तेवढंच येतं. शिरोडकरशी चार वाक्यं बोलायला मिळणं ही जोश्याच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी घटना असते, आणि पुस्तकही तिला तेवढीच मोठी मानतं. मोठ्यांच्या नजरेने बघून 'वेडं वय' म्हणत कौतुकाने हसत नाही.

२०१६ चा 'सैराट' तुम्ही पाहिलाच असेल. तो आला तेव्हा आर्ची झालेली रिंकू राजगुरू पंधराचीही नव्हती. शेवट आठवा. खून आपल्याला दाखवलेला नाही. दिसतं ते लहान मूल आणि त्याच्या पावलांचे रक्ताळलेले ठसे. नागराज मंजुळेंनी तो क्षण दाखवला असता तर आपण धसकलो असतो आणि तासाभरात सावरलो असतो. न दाखवल्यामुळे थिएटरमधून लोक गप्प बाहेर पडले. आपटे आणि मंजुळे यांच्यात सव्वाशे वर्षांचं अंतर आहे, पण जात आणि 'घराण्याची इज्जत' पोरीच्या जिवावर कशी उठते हे सांगताना दोघांनीही मार खाणाऱ्याच्या बाजूनेच बघायचं ठरवलं.

आता आपण

तुमच्यापैकी अनेक जण मोबाइलवर लिहिता. कथा, मालिका, कधी नाव घालून, कधी न घालता. तुमच्या पात्रांचं वय बऱ्याचदा चौदा, सोळा, सतरा असतं, कारण तुम्ही स्वतः नुकतेच तिथून आलेले असता. कायद्याचं भान हवंच. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतली प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या '६७ ब' कलमात मुलांचं अश्लील चित्रण करणारा मजकूरही येतो, नुसती छायाचित्रं नव्हेत. साहित्य-कलेच्या हिताच्या प्रकाशनांना त्यात अपवाद ठेवला आहे, पण अपवादाच्या आडोशाने काहीही खपवावं असा त्याचा अर्थ नाही.

मला कायद्याच्या आधीचे प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात. या दृश्यात बघणारा कोण आहे? पात्राच्या जागी मी उभी आहे, की त्याच्यावर नजर रोखून? या मुलीला किंवा मुलाला त्या एका प्रसंगाखेरीज काही आयुष्य आहे का: भूक, मित्र, अभ्यास, आवडता रंग? आणि मी पुढे लिहिते आहे ते गोष्टीला हवंय, की वाचक वाढतील म्हणून? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं, तर दृश्य तिथेच थांबवावं. दार लोटलेलं राहू द्यावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी चहा पिते की नाही ते लिहावं.

मात्र घाबरून विषयच सोडून देणं हेही उत्तर नाही. 'मुलांच्या कथेत असलं कशाला' म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर यमू झाली नसती, आणि माझ्या पणजीसारख्या लाखो मुलींविषयी आपल्याकडे फक्त दागिन्यांची यादी उरली असती.

ती स्कॅन प्रत फुकट मिळते. कादंबरी जाडजूड आहे, भाषा जुनी आहे, एका बैठकीत होणार नाही. निदान सुरुवातीची पानं वाचा. तिथे मोठं असं काही घडत नाही, एक लहान मुलगी तिच्या दादाबरोबर खेळते, भांडते, रुसते. आपट्यांनी ती पानं घाईने उरकली नाहीत. पुढचं सगळं कुणावर कोसळलं, हे कळायला तीच लागतात.