दगडू आणि नकुशी

धोंडू, दगडू, केरू. मराठी मुलखातील ही नावे अनास्थेतून आलेली नव्हेत. आधीची मुले दगावलेल्या घरात जगलेल्या मुलाला मुद्दाम कवडीमोल वस्तूचे नाव देत, जेणेकरून मृत्यूची दृष्ट त्याच्यावर पडू नये. तेथे हीन अर्थ हेच कवच होते.

‘नकुशी’चे तसे नव्हे. मुलीमागून मुलगी झाली, की पुढच्या खेपेस तरी मुलगा व्हावा या समजुतीने हे नाव ठेवले जाई. नवस मुलाचा, ओझे मात्र तिच्या माथी; शाळेच्या पटावरही तेच नाव चढे. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींचे समारंभपूर्वक पुन्हा नामकरण झाले. कुणी ऐश्वर्या हे नाव घेतले, कुणी सावित्री.